काजळीचं बी

आमच्या कॉलनीत मला गप्पीवाले नाना म्हणतात. जळगावात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघरी हौद आहेत. हौद आहेत म्हणून डास आहेत. आणि डास आहेत म्हणून मला मान आहे.

काही वर्षांपूर्वी डासांच्या अळ्या तपासणारा एक माणूस आला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतले दहा-बारा मासे आमच्या हौदात सोडून गेला. गप्पी मासे अळ्या खातात म्हणाला, कागदावर सही घेतली आणि पुढच्या घरी गेला. बोटाच्या पेराएवढे मासे, पाण्याच्याच रंगाचे. गप्पी अंडी घालत नाही, जिवंत पिलं देते. दिवाळीपर्यंत हौद माशांनी भरला. यात माझं कर्तृत्व एवढंच, की त्यांच्या कामात मी ढवळाढवळ केली नाही. पण छत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाला न केलेल्या गोष्टीचं श्रेय घ्यायची सवय असते. मुलं आपापली पास होतात आणि निकाल आपला लागतो. मी बरण्या भरभरून मासे वाटू लागलो, वाटताना दोन वाक्यं बोलू लागलो, आणि बघता बघता जाणकार झालो.

खरी जाणकार आमच्यात एकच, माझी थोरली बहीण. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. ती धुळ्याला राहते. राहायची, असं लिहायला हवं. त्या ‘राहते’चं ‘राहायची’ माझ्यामुळे झालं, आणि तेवढंच मला इथे सांगायचं आहे.

मेहुणे गेल्यावर अक्का धुळ्याच्या घरात एकटी राहायची. गच्चीवर हिरव्या जाळीखाली सिमेंटच्या सहा टाक्या, गुडघ्याएवढ्या. त्यात तिनं सहा-सात वर्षं निवड करून गप्पीचा स्वतःचा वाण तयार केला होता. नराचं मागचं अर्धं अंग काजळासारखं काळं आणि त्यापुढे हळदीच्या रंगाची शेपटी, पंख्यासारखी उघडलेली, डाग नसलेली. या वाणाला ती काजळी म्हणायची. शिक्षण सातवीपर्यंत. पिलं तीन आठवड्यांची झाली की ती नर आणि माद्या वेगळ्या करायची. मग मोठे झालेले नर सकाळच्या उन्हात एकेक करून पांढऱ्या ताटलीत घ्यायची, बघायची आणि म्हणायची, “राहू दे,” नाहीतर, “जाऊ दे.” ज्यांना ‘जाऊ दे’ म्हटलं ते शेजाऱ्यांच्या हौदात जायचे. अपील नव्हतं.

“एवढं कडक कशाला?” मी एकदा विचारलं होतं.

“मादी एकदा नराजवळ गेली की पुढे चार-सहा महिने त्याची पिलं देत राहते. नंतर नर जवळ नसला तरी. एक दिवस चुकीचा नर आत आला की सगळी मेहनत गेली.”

हे मी वर्गात कधी शिकवलेलं नव्हतं, त्यामुळे मला ते फारसं खरं वाटलं नाही.

अक्का माझ्याशी अहिराणीतच बोलते. इथे तिचं बरंचसं बोलणं मी शाळेच्या मराठीत घातलं आहे. ते तिला आवडलेलं नाही.

आमच्याकडे भरिताच्या वांग्याचं बी एकाच घरात ठेवत नाहीत. आई राखेत घोळलेल्या बियांच्या दोन पुरचुंड्या बांधायची. एक आमच्या घरी, दुसरी मावशीकडे पाचोऱ्याला. एका घरात उंदरांनी बी खाल्लं तर दुसऱ्या घरात असतं. अक्कानं तोच रिवाज माशांना लावला. एका सकाळी ती मांडीवर कडीचा डबा घेऊन बसनं जळगावला आली. डब्याच्या झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली होती. आत काजळीच्या चार माद्या आणि दोन नर.

“भाऊ, हे बी आहे. शोभेसाठी दिलेलं नाही. वेगळ्या टबात ठेव. तुझ्या गटारी माशांचा वारासुद्धा लागू देऊ नको.”

“अक्का, मी विज्ञानाचा शिक्षक होतो.”

“म्हणूनच दोनदा सांगते.”

मी बायकोचा कपड्यांचा मोठा टब घेतला आणि पहिले दोन आठवडे फार चांगला वागलो. मग कॉलनीतले चार जण मासे बघायला येणार असं ठरलं. निळ्या प्लॅस्टिकच्या टबात नर काही उठून दिसेनात. मी आमच्या लग्नातलं तांब्याचं घंगाळ काढलं, चिंचेनं लख्ख घासलं, त्यात पाणी भरून दोन्ही नर सोडले. तांब्यावर काळं आणि पिवळं असं काही खुललं, की पाहुण्यांनी चहा थंड होऊ दिला. कोणीतरी फोटो काढून कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. कौतुक येत राहिलं, मी वाचत राहिलो, आणि नर घंगाळातच राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघेही उताणे तरंगत होते.

तांब्याच्या भांड्यात पाण्यातले जंतू मरतात, हे मी दरवर्षी आठवीच्या वर्गात सांगत असे. मासासुद्धा जंतूपेक्षा थोडा मोठा जीवच आहे, हा भाग पुस्तकात नव्हता.

अक्काला सांगितलं नाही. सांगू, म्हटलं, सवडीनं. निवृत्त माणसाला सवड सोडून दुसरं काही नसतं, तरी सांगितलं नाही. दहा दिवसांनी बायको अंगणात आली.

“टब रिकामा करा. बिबड्यांची ज्वारी भिजवायचीय.”

“त्यात अक्काचे मासे आहेत.”

“आणि टब माझा आहे. अक्कांचे मासे एवढे मोलाचे होते, तर दुसरा टब आणायचा होता.”

दुसरा टब बाजारातून आणायचा म्हणजे ऊन होतं. मी चारही माद्या हौदात सोडल्या. दोन दिवसांसाठी. बिबडे, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, थापले गेले, वाळले, डब्यात भरले गेले, त्यातले निम्मे आम्ही खाल्लेसुद्धा. टब परत आला आणि त्यात कपडे भिजू लागले. माद्या हौदातच होत्या, गटारी नरांच्या घोळक्यात. असे दोन महिने गेले. अक्का दर रविवारी फोन करायची.

“बी कसं शे?”

“मजेत.”

ते खोटं नव्हतं. हौदात सगळे मजेतच होते.

मग एका सकाळी तिचा फोन आला, आणि तो रविवार नव्हता. शेजाऱ्यानं मिरचीवर फवारणी करून आणलेला पंप दोघांच्या सामाईक गच्चीवरच्या नळाखाली धुतला होता, आणि तो धुतला होता अक्काच्या बादलीत. तिला ठाऊक नव्हतं. त्याच बादलीनं तिनं साही टाक्यांत थोडं थोडं ताजं पाणी घातलं. दुपारपर्यंत साही टाक्या पांढऱ्या पोटांनी भरल्या.

ती रडली नाही. म्हणाली, “बरं झालं, बी तुझ्याकडं ठेवलं. शुद्ध आहे ना?”

सगळं सांगायला याहून चांगली वेळ मला मिळणार नव्हती. मी म्हणालो, “आहे की.”

काजळीची मादीही मागच्या बाजूनं जरा सावळी असते. त्यामुळे हौदातून चारही ओळखून काढता आल्या. पोटं टच्च होती. त्या कडीच्या डब्यात घालून मी स्वतः धुळ्याला नेल्या. एवढी तसदी घेतल्याचं मला बसमध्ये समाधानही वाटलं.

“नर?” डब्यात बघून अक्कानं विचारलं.

“म्हातारे होते. गेले. पण काम करून गेले.”

“आणि ह्या वेगळ्याच होत्या ना?”

“हे काय विचारणं झालं, अक्का?”

मी ‘हो’ म्हणालो नाही, या आधारावर पुढची दोन वर्षं मी स्वतःला खरं बोलणारा माणूस समजत होतो.

पहिल्या विणीत चार-पाच काळे नर निघाले, बाकीचे पाण्याच्या रंगाचे. अक्कानं काळे ठेवले आणि त्यांना त्याच विणीतल्या माद्या दिल्या. त्या माद्या अर्ध्या माझ्या हौदाच्या होत्या, हे तिला कसं कळणार? पुढच्या विणीत शेपट्या आखूड निघाल्या, पिवळ्या रंगात ठिपके आले, काळा रंग धुतल्यासारखा झाला. तिनं पुन्हा निवडलं, पुन्हा बिघडलं. तिचं निवडणं कधी चुकलं नव्हतं, म्हणून तिनं बियाण्यावर संशय घेतला नाही. बियाणं भावानं दिलं होतं. तिनं डोळ्यांवर संशय घेतला.

आधी चष्मा बदलला. मग ताटली घेऊन भर उन्हात बसू लागली. मग भिंग आणलं. शेवटी शेजारणीला हाक मारून विचारायची, “बाई, हा काळाच दिसतो ना तुला?” मला फोनवर म्हणाली, “मना डोया गयात रे भाऊ.”

माझे डोळे गेले, असं म्हणाली. मी म्हणालो, “काळजी घे.”

तिचा मुलगा, माझा भाचा, जळगावलाच चौथ्या मजल्यावर राहतो. आईनं एकटं राहू नये, असं त्याचं बरेच दिवस चाललं होतं, आणि त्यात वाईट काही नव्हतं. पण अक्का घर सोडायला तयार नव्हती आणि त्याच्याजवळ कारण नव्हतं. आता मिळालं. आम्ही धुळ्याला तिच्या घरी जमलो. शेजारीण, जिनं सल्ला द्यावा असं कोणी म्हटलं नव्हतं, तीही होती.

भाचा म्हणाला, “आई, इतकी वर्षं तू अंधारातही मासे ओळखायचीस. आता काळा का करडा ते कळत नाही तुला. उद्या गॅस पेटलेला कळायचा नाही.”

“गॅसचं आणि माशाचं काय?”

“डोळे तेच आहेत ना? मामा, तुम्ही सांगा. तुम्ही यातले जाणकार.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. अक्काही. माझ्यापुढे चहा होता, आणि मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं: मासे हौदात मीच सोडले होते. ते बोललो असतो तर भाच्याचं कारण तिथेच संपलं असतं. मी कपातल्या चहाकडे बघून म्हणालो, “वय झालं की नजर फसते.”

खोलीत एकदम सुटल्यासारखं झालं. अक्कानं मान हलवली. “भाऊ म्हणतो म्हणजे असेल.”

महिन्याभरात घर आवरलं. सिमेंटच्या टाक्या जड, त्या गच्चीवरच राहिल्या. घर एका शिकवणी वर्गाला अकरा महिन्यांच्या करारावर भाड्यानं दिलं. अक्का जिथे बसून ‘राहू दे, जाऊ दे’ करायची, तिथे आता मुलं सराव परीक्षा देतात. कामात फार फरक पडलेला नाही. चौथ्या मजल्यावर बाल्कनीत टब ठेवायला बंदी आहे, खालच्यांच्या छताला ओल येते. अक्का दिवसभर कबुतरांच्या जाळीतून रस्ता बघते. म्हणजे तिला दिसतो असं ती सुरुवातीला म्हणायची. नंतर तेही म्हणेनाशी झाली. चालताना भिंतीला हात लावून चालू लागली. माणसाला आपण आंधळे झालो आहोत हे पुरेशा वेळा सांगितलं, की तो भिंत धरतो.

आता माझ्या सत्काराच्या शालीचं सांगतो. त्या दोन महिन्यांत अक्काच्या माद्या आमच्या हौदात एकदा व्यायल्या होत्या. त्या पिलांतले काही नर काळे निघाले आणि त्यांचा वंश हौदात वाढत राहिला. मी काहीही निवडत नव्हतो, त्यामुळे शंभरात दहा काळे एवढंच प्रमाण. पण कॉलनीला तेवढं पुष्कळ होतं. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाला दर वर्षी कोणाचा तरी सत्कार करावा लागतो आणि माणसं संपत आली होती. मला शाल, श्रीफळ आणि ‘काळ्या गप्पीचे जनक’ असं लिहिलेलं मानपत्र देण्यात आलं. अध्यक्षांनी भाषणात माझ्या संशोधक वृत्तीचा चारदा उल्लेख केला. मी चारही वेळा मान खाली घातली. ती विनयाची समजली गेली.

भाच्यानं अक्काला कौतुकानं आणलं होतं. ती तिसऱ्या रांगेत बसली होती. कार्यक्रम संपल्यावर मी खाली उतरलो, तेव्हा ती शेजारच्या बाईंना सांगत होती, “वाण माझाच. मला नाही टिकवता आला, पण भावानं राखला. त्याचे डोळे शाबूत आहेत.”

तिच्या आवाजात मत्सर असता, तर मी निभावून नेलं असतं. मत्सर नव्हता.

चार दिवसांनी मी शाल पिशवीत घालून चौथ्या मजल्यावर गेलो. भाचा आणि सून कामावर होते. अक्का बाल्कनीत होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. घंगाळ, बिबडे, हौद, दोन महिने, डबा. मध्ये दोनदा ‘परिस्थितीच अशी होती’ असं म्हणालो. तिनं ते ऐकलं नाही, असं दाखवलं.

मग तिनं विचारलं, “हौदात कोणत्या महिन्यात टाकल्यास?”

“चैत्रात.”

तिनं बोटांच्या पेरांवर महिने मोजले. चैत्र, वैशाख, मग धुळ्याची पहिली वीण, दुसरी, तिसरी. मला वाटलं होतं, ती शिव्या देईल. ती विणी मोजत होती.

“म्हणजे मी काळा म्हणून ठेवला, तो काळाच होता.”

“हो.”

“आणि करडा म्हटला तो करडाच निघाला होता.”

“हो, अक्का.”

तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला आणि माझ्याकडे नीट बघितलं. “मी आंधयी नही शे,” ती म्हणाली. “आनि तू मास्तर शे.”

माझ्या पेशाचं नाव मी लोकांच्या तोंडून हजारो वेळा ऐकलं आहे. इतक्या नेमक्या अर्थानं कोणी उच्चारलं नव्हतं. शाल तिनं पिशवीतून काढली, हातात घेऊन कापड बघितलं आणि खुर्चीच्या पाठीवर टाकली.

“हे पोरासमोर बोल.”

संध्याकाळी भाचा आला. मी पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ‘परिस्थिती’ गळून पडली. भाचा बूट काढता काढता ऐकत होता.

“जाऊ द्या मामा. माशांवरून का कोणी घर सोडतं? वयच झालंय तिचं.”

“तेव्हा माशांवरूनच सोडवलं होतंस,” मी म्हणालो.

“आता करार झालाय. बघू.”

‘बघू’ हा अक्काच्या सासरी नाही म्हणायचा सभ्य प्रकार आहे. अक्कानं तो मेहुण्यांकडून चाळीस वर्षं ऐकला होता. ती मला म्हणाली, “भाऊ, लिहून दे. बोललेलं हा ‘बघू’मध्ये घालतो. तुझा फोटो ज्या पुस्तकात छापला ना, त्याच पुस्तकात छापून आण.”

ते पुस्तक म्हणजे सत्काराच्या दिवशीच निघालेला आमच्या मंडळाचा वार्षिक अंक. म्हणून हे लिहितो आहे. संपादकांनी मागच्या अंकात सत्काराला अख्खं पान दिलं होतं; या मजकुराला जागा नाही असं त्यांनी म्हणू नये.

दरम्यान अक्का दर रविवारी आमच्याकडे येऊ लागली. करार अकरा महिन्यांचा आहे, तेवढ्यात गप्पीच्या दोन-तीन पिढ्या होतात, असं तिचं गणित आहे. बायकोनं स्वतःहून दोन टब दिले. मागितले तेव्हा एक मिळत नव्हता. माझं काम हौदातून मासे काढणं, क्लोरीन उडून जावं म्हणून पाणी भरून एक दिवस उघडं ठेवणं आणि गप्प बसणं. टबावर ऊन फार येतं म्हणून अक्कानं सावलीला शाल बांधली. काठाची नक्षी अजून चांगली दिसते.

गेल्या रविवारी तिला सोडायला आलेला भाचा घाईत होता, पण चहासाठी थांबला. अक्का पाटावर बसून पांढऱ्या ताटलीत नर बघत होती. एक मोठा, टपोरा नर आला. मी ओळखला. सत्काराच्या वेळी ग्रुपवर याचाच फोटो फिरला होता, मानपत्रावरही हाच.

“जाऊ दे,” अक्का म्हणाली.

भाचा वाकून म्हणाला, “अगं, एवढा काळा आहे की. शेपटीही पिवळीधमक.”

“शेपटीत ठिपका शे. तुले दिखत नही का?”

भाच्यानं बघितलं. चष्मा पुसून बघितलं. मग मोबाइलनं फोटो काढला आणि बोटांनी मोठा करत नेला. शेपटीच्या अगदी कडेला, मोहरीच्या टोकाएवढा, करडा ठिपका होता. भाचा ठिपक्याकडे बघत राहिला. चहा गार झाला तरी त्यानं ‘बघू’ म्हटलं नाही. परवा सून सांगत होती, की त्यानं शिकवणीवाल्यांना फोन केला होता. काय बोलला ते तिला ऐकू आलं नाही, आणि अक्का विचारत नाही. तिनं फक्त गच्चीवरच्या साही टाक्यांना चिरा गेल्या आहेत का, ते बघून यायला मला धुळ्याला पाठवलं. दोन टाक्यांना गेल्या आहेत. चार ठीक आहेत.

काल तिनं निवडलेल्या सहा माद्या आणि तीन नर कडीच्या डब्यात घातले. काजळी अजून झालेली नाही, पण वाटेवर आहे, म्हणाली. बाकीचे मासे धुळ्याच्या चार टाक्यांसाठी, आणि रिवाज तो रिवाज. बी दुसऱ्या घरीही ठेवायला हवं. मी हात पुढे केला.

अक्कानं डबा माझ्या हातावरून नेला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या माझ्या बायकोला दिला.

“वेगळ्या टबात ठेव, बाई.”

“हो, अक्का.”

“आणि ह्याला हात लावू देऊ नको.”

“टब माझा आहे,” बायको म्हणाली.